एकाच डब्यातला रंग, दोन निकाल : १९६८च्या फियाट इंजिनाचं प्रकरण

२०२२च्या खंडेनवमीला आण्णांनी फियाट धुऊन अंगणात लावली, बॉनेट उघडलं आणि इंजिनाला हळदकुंकू वाहायला वाकले. वाकताना बाही ब्लॉकला घासली आणि पांढऱ्या शर्टावर बोटभर रुंद चंदेरी पट्टा उमटला. रंग लावून तीन महिने झाले होते.

"अजून वाळला न्हाई व्हय रे?" त्यांनी मला विचारलं. मलाच विचारणार, कारण डबा मी आणला होता.

आण्णा माझे थोरले चुलते. गाडी आजोबांनी हळदीच्या अडतीवर घेतलेली, १९६८ची फियाट ११०० डिलाइट, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. पुढे १९७०च्या दशकात हीच गाडी पद्मिनी नावाने घराघरात गेली. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. पुढच्या सगळ्या कथेसाठी एक गोष्ट लक्षात ठेवायची : ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं धड, बीडाचा (ओतीव लोखंडाचा) आहे आणि त्यावरचं हेड ॲल्युमिनियमचं. एका इंजिनात दोन धातू, आणि दोघांचे स्वभाव वेगळे.

ऑगस्ट २०१९च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५ फूट, यावरून काय ते समजा. गावभागातल्या आमच्या गॅरेजमध्ये गाडी छपरापर्यंत बुडाली. पाणी उतरल्यावर चेंबरमधून तेलाऐवजी चहासारखं काहीतरी निघालं. इंजिन आतून वाचलं, कारण मिस्त्रींनी चिखल सुकायच्या आत प्लग काढून डिझेल ओतलं आणि क्रँक हाताने फिरवत ठेवला. त्याची हकीकत वेगळी आहे. २०२१ला पुन्हा पाणी चढायला लागलं, तेव्हा मात्र कुणाची वाट न बघता गाडी विश्रामबागेत पाहुण्यांच्या दारात नेऊन ठेवली.

आतून वाचलेलं इंजिन बाहेरून मात्र भंगार दिसायचं. जुना रंग पोपडे धरून गेला होता, ब्लॉकवर तांबूस गंज, हेडवर पांढरी भुकटी. ओव्हरहॉल झाल्यावर जुलै २०२२मध्ये मी रंगाच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, इंजिन म्हणजे ताप, तापाला हीटप्रूफच पाहिजे. ६०० अंश सोसणारा चंदेरी रंग, अस्तराची गरज नाही. मला ते पटलं. पटण्यासारखंच होतं.

ब्लॉक रॉकेलने धुतला, चिंधीने पुसला, वायर ब्रश मारला आणि पावसाळी दुपारी शटर अर्धं ओढून ब्लॉक, हेड, जळका धूर बाहेर नेणारं मॅनिफोल्ड, सगळ्यावर एकाच डब्यातून दोन हात मारले. संध्याकाळी बल्बच्या उजेडात इंजिन चांदीच्या समईसारखं झळकत होतं. मी फोटोसुद्धा काढले.

दसऱ्यानंतर कुपवाडचे मिस्त्री आले. गॅरेज टाकण्याआधी त्यांची बरीच वर्षं पंपाच्या कारखान्यात रंगखात्यात गेली आहेत. सांगलीकडे अशी माणसं भेटतात. किर्लोस्करवाडी १९१०पासून या जिल्ह्यात आहे, कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीत फाउंड्र्या आहेत, त्यामुळे बीडाला रंग कसा धरतो हे हाताने शिकलेला माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. मी आधी दुकानात गेलो आणि मग त्यांच्याकडे, हीच चूक.

त्यांनी काही विचारलं नाही. चिंधीचं टोक पेट्रोलमध्ये बुडवलं आणि ब्लॉकच्या कुशीत, एसी पंपाच्या (टाकीतलं पेट्रोल खेचणाऱ्या पंपाच्या) खाली एकदाच फिरवलं. रंग सगळा चिंधीवर आला, खाली करडं बीड उघडं. मग तीच चिंधी पुन्हा भिजवून मॅनिफोल्डवर घासली. एकदा, दहादा, जोर लावून. चिंधी स्वच्छ.

"डबा त्योच न्हवं?" त्यांनी विचारलं.

तोच डबा, तोच दिवस, तोच हात. मॅनिफोल्डवर दगड झालेला रंग ब्लॉकवर काजळीसारखा पुसला जात होता.

कारण साधं निघालं. अशा हीटप्रूफ रंगात सिलिकॉनची राळ आणि ॲल्युमिनियमची पूड असते. हा रंग हवेत नुसता सुकतो, पक्का होत नाही. पक्का व्हायला त्याला साधारण २०० अंशांची भट्टी लागते, अर्धा-पाऊण तास. मॅनिफोल्ड चालत्या गाडीत त्याच्या कितीतरी वर जातं, म्हणून तिथे तो भाजून निघाला. ब्लॉकच्या पोटात पाणी खेळतं. थर्मोस्टॅट नीट चालत असेल तर पाणी ८०-९० अंशांच्या आसपास राहतं आणि ब्लॉकची बाहेरची बाजू फार तर शंभराच्या जरा पुढे. तेवढ्या उबेत सिलिकॉनचा रंग जन्मभर कच्चाच राहणार. ६०० अंश सोसणारा रंग आमच्या ब्लॉकवर हरला तो ऊब कमी पडली म्हणून.

मिस्त्री म्हणाले, "दादा, इंजनावर काय सांडतंय ते आदी बगायचं. ताप मागनं." पेट्रोल, तेल, रेडिएटरचं पाणी. एसी पंपाचा डायफ्रॅम थोडा जुना झाला की पेट्रोल पाझरतं, आणि पाझरतं ते नेमकं ब्लॉकवर. पुढचा सगळा विचार आम्ही या वाक्यावरून केला.

पण सगळा दोष डब्याचा नव्हता. टॉर्च घेऊन बसल्यावर आणखी दोन आजार दिसले, आणि दोन्ही माझे. ब्लॉकच्या खालच्या खाचांत रंगाला मोहरीएवढे फोड आले होते. सुईने एक फोडला तर आत तांबूस पाणी. पुराचा गाळ बीडाच्या खडबडीत छिद्रांत बसलेला, मी वरून वायर ब्रश फिरवून तो चकचकीत केला होता, काढला नव्हता. शिवाय रॉकेल उडून गेलं तरी मागे तेलकट पापुद्रा ठेवतं, आणि जुलैत थंड लोखंडावर हवेतला ओलावा डोळ्याला न दिसता बसतो. म्हणजे गाळ, त्यावर तेल, त्यावर पाणी, त्यावर माझे दोन हात.

हेडवरचा रंग तर नखाने सालीसारखा निघत होता. ॲल्युमिनियमवर तिचा स्वतःचा ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि त्यावर साधा रंग पकड घेत नाही. खास वॉश प्रायमर लागतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिला रंगाची गरज नसते, तो थरच तिचं संरक्षण. चंदेरी धातूला चंदेरी रंग लावायचं मला का सुचलं असेल, देव जाणे.

इंजिन पुन्हा बाहेर काढायचं ठरलं. घाई नव्हती, कारण पावसाचा ओलावा पूर्ण हटल्याशिवाय हात लावायचा नाही, असं मिस्त्रींनी बजावलं. मधल्या काळात आम्ही रंगांची परीक्षा घेतली. एका फाउंड्रीच्या भंगारातून पंपाच्या कव्हरचे चार तुकडे आणले आणि सारखे साफ केले. एकावर माझा चंदेरी, दुसऱ्यावर डुको म्हणजे एनसी (नायट्रोसेल्युलोज), तिसऱ्यावर रेड ऑक्साइडचं अस्तर देऊन सिंथेटिक इनॅमल, चौथ्यावर दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर आणि वर हार्डनर मिसळून लावायचा पीयू (पॉलियुरेथेन). पंधरा दिवस सुकू दिले. मग चहाच्या पातेल्यात अर्धा तास उकळले (पातेलं परत घरात घेतलं गेलं नाही, नवं आणावं लागलं) आणि रात्रभर प्रत्येकावर पेट्रोलचा बोळा ठेवून वर वाटी पालथी घातली.

चंदेरी रंगाचं काय झालं ते सांगायला नको. डुको मऊ पडून बोळ्याचे धागे त्यात रुतले. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं, त्या वर्षी दहा टक्के होतं, आणि जुन्या रंगांना ते नुसत्या पेट्रोलपेक्षा जास्त झोंबतं. आपल्याच साखर कारखान्यांच्या मळीतून निघालेलं इथेनॉल आपल्याच गाडीचा रंग खातंय, यावर आण्णा दोन दिवस हसत होते. इनॅमल जरा सुरकुतलं, बोळा काढल्यावर काही तासांत पुन्हा कडक झालं. पीयूवर डागसुद्धा नव्हता.

इथे माझं आणि मिस्त्रींचं जमेना. त्यांचं म्हणणं इनॅमल लावा. फियाटच्या काळात कारखान्यात असलेच रंग असायचे, खरवडलं तर ब्रशने टच-अप होतो, महिनाभर चांगलं मुरू दिलं की थेंब-दोन थेंब सहज सोसतं. सगळं खरं. पण इंजिन खाली घ्यायचा खटाटोप पुन्हा दहा वर्षं नको होता, आणि आमचा एसी पंप कधी पाझरेल याचा भरवसा नाही. मी पीयूवर अडून बसलो. शेवटी आण्णांनी निकाल दिला : रंग पीयूचा, पण चकाकी इनॅमलएवढीच. लग्नातल्या बँडसारखं इंजिन त्यांना नको होतं, म्हणून सेमी-ग्लॉस.

पीयूची एक बाजू मात्र गांभीर्याने घ्यायला हवी. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. गनने मारलं की त्याचं धुकं होतं, आणि ते फुप्फुसात गेलं तर कायमचा दमा लागू शकतो. एकदा शरीराने धसका घेतला की पुढे थोडासा वाससुद्धा पुरतो. व्यावसायिक रंगारी बाहेरून हवा पुरवणारा मास्क वापरतात. आमच्याकडे तो नव्हता आणि एका इंजिनासाठी मिळणारही नव्हता. नाकाला रुमाल बांधून गन मारणारे पुष्कळ पाहिलेत, त्यांच्या धाडसाचं मला कौतुक नाही. आम्ही ब्रशने लावायचं ठरवलं. बीडाचा पृष्ठभाग मुळातच खडबडीत, ब्रशचे फराटे त्यात जिरून जातात. तरीही मोकळ्या अंगणात, कार्बन कार्ट्रिजचा मास्क आणि हातमोजे घालूनच.

डिसेंबरअखेर चेन-पुलीने इंजिन उचललं. ओव्हरहॉल नुकतंच झालेलं, म्हणून हेड उघडलं नाही, फक्त मॅनिफोल्ड वेगळं केलं. एका मशीन शॉपवाल्याने सांगितलं, आणून टाका, गरम कॉस्टिकच्या टाकीत तासाभरात आरशासारखं होईल. मिस्त्री जवळजवळ ओरडले. कॉस्टिक बीडाला काही करत नाही, ॲल्युमिनियमला मात्र फसफसवून खातं. ब्लॉक सुटा असता तर चाललं असतं. सँड ब्लास्टिंगही याच कारणाने बाद : जुळलेल्या इंजिनात वाळूचा एक कण तेलाच्या वाटेत शिरला तर बेअरिंग गेलं.

मग हातानेच. एक्झॉस्ट आणि कार्बोरेटरची तोंडं चिंध्या कोंबून वर टेप लावून बंद केली, प्लग जागच्या जागी ठेवले, बोल्टांच्या भोकांत जुने बोल्ट हलके पिळले म्हणजे आट्यांत रंग जाऊ नये. चंदेरी रंग थिनरने दहा मिनिटांत गेला, तेवढाच त्याचा गुण.

आता खालचे थर. डाव्या फाउंडेशनचं, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं त्या आधाराचं ब्रॅकेट कदाचित कधीच सुटलं नव्हतं. त्याचे बोल्ट निघायला दोन दिवस आणि एक स्पॅनर गेला. ब्रॅकेटच्या कडेला पात्याने तिरकं खरवडत गेलं तर कांद्याच्या पाकळ्यांसारखे रंग उलगडले. वर काळा, त्याखाली कुठल्यातरी रिबोअरवाल्याने मारलेला हिरवा, त्याखाली ॲल्युमिनियम पेंट आणि सगळ्यात तळाला, ब्रॅकेटच्या बरोब्बर सावलीत, लाल अस्तरावर करडा. नखाएवढा तुकडा. त्यावर इंजिन ऑइल लावून पुसलं तेव्हा ५०-५५ वर्षांचा धुरकटपणा जाऊन खरी छटा दिसली : निळसर झाक असलेला मध्यम करडा.

आण्णांना हिरवा आठवत होता. लहानपणी आपण हिरवंच इंजिन पाहिलं, असं ते ठासून सांगत होते, आणि ते खोटंही नव्हतं, हिरवा थर होताच. पण हिरव्याच्या खाली दोन थर होते, आणि ब्रॅकेटखाली हिरवा अजिबात नव्हता. इंजिन कारखान्यातून आलं तेव्हा ब्रॅकेट बसण्याआधी जो रंग होता तो करडाच. आण्णा थोडे हिरमुसले. छटा जुळवायला आयएस ५ या भारतीय मानकाची रंगपत्रिका घेऊन आम्ही उन्हात बसलो, ट्यूबच्या उजेडात सगळे करडे भाऊ-भाऊ दिसतात. ६३१ लाइट ग्रे फिका पडला, ६३२ डार्क ॲडमिरल्टी ग्रे गडद. दुकानात ६३२मध्ये पांढरा टाकत टाकत, तुकड्याशेजारी ठिपके देत, सातव्या ठिपक्याला जुळलं.

साफसफाईला पाच दिवस लागले आणि रंगाला दोन अर्धे दिवस. प्रमाण असंच असतं. आधी रॉकेल, मग साबणाचं कढत पाणी आणि दात घासायचा ब्रश, खाचाखाचांतून पुराचा गाळ अजून निघत होता, २०१९चा. मग वायर ब्रश. हेडला मात्र लोखंडी ब्रश लावला नाही, लोखंडाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि पुढे त्यांचे तांबडे ठिपके येतात. तिथे पितळी ब्रश आणि घासणी. उरलेल्या गंजावर फॉस्फरिक ॲसिडचं द्रावण, ते पुन्हा पूर्ण धुऊन काढलं, कारण ॲसिडचा अंश राहिला तर इपॉक्सी नीट पकडत नाही. धुतल्या धुतल्या कॉम्प्रेसरची हवा. उघडं बीड ओलं राहिलं तर चहा होईपर्यंत पिवळं पडतं.

आता झालं, असं मला वाटलं. मिस्त्रींनी हॉट एअर गन मागितली. पंपाच्या बैठकीजवळ, जिथे माझ्या डोळ्याला कोरडं ठणठणीत लोखंड दिसत होतं, तिथे त्यांनी गरम हवा धरली. मिनिटभराने लोखंडाला घाम फुटला. खरोखर घाम, टाचणीच्या डोक्याएवढे तेलाचे थेंब छिद्राछिद्रांतून वर आले. त्यांनी थिनरच्या पांढऱ्या फडक्याने ते टिपले, फडकं पिवळं झालं. पुन्हा गरम, पुन्हा घाम, पुन्हा फडकं. (गन बंद करून, लांब ठेवून मगच थिनर, हे सांगायला नको पण सांगतो.) चौथ्या खेपेला फडकं पांढरं राहिलं. याच जागेवरचा रंग जुलैत सगळ्यात आधी गेला होता.

१२ जानेवारीला सकाळी सातला ब्लॉकवर हात ठेवला तर गार आणि किंचित दमट. धातू दवबिंदूपेक्षा किमान तीन अंश गरम हवा, हा रंगखात्यातला जुना नियम. आमच्याकडे मोजायला यंत्र नव्हतं, ऊन होतं. इंजिन अंगणात सरकवलं, अकरापर्यंत लोखंड उबदार झालं. इपॉक्सी प्रायमर मिसळून वीस मिनिटं तसाच ठेवला, मग एक पातळ हात. दुसऱ्या दिवशी पीयू. डब्यावर चारास एक प्रमाण होतं. मेडिकलमधून सिरिंज आणल्या आणि मिलीलिटरने मोजलं, कारण हार्डनर अंदाजपंचे घातला की रंग एकतर चिकट राहतो किंवा ठिसूळ होतो. दोन पातळ हात, मध्ये चारेक तास. दुसऱ्या हाताला मला मोह झाला, थोडा जाड मारावा, एकदम भरून येईल. मिस्त्रींनी ब्रश काढून घेतला. कडांवर जाड रंग साठतो आणि पहिला स्पॅनर घसरला की टवका तिथूनच उडतो. सगळं इंजिन रंगून अर्धा लिटरही संपला नाही.

हेड उघडंच ठेवलं. मॅनिफोल्डवरचा माझा चंदेरी रंग तर शाबूतच होता, बोल्टांपाशी खरवडला होता तिथे त्याच जुन्या डब्यातून हात फिरवला आणि गाडी चालू झाल्यावर आधी दहा मिनिटं, मग वीस, मग अर्धा तास असं तापवत पक्का केला.

गाडी चालू व्हायला मात्र एक दिवस जास्त लागला. बॅटरी भरलेली, स्टार्टर नुसता टिक करायचा. मी सोलेनॉइड उघडायच्या तयारीत होतो. आण्णा म्हणाले, "रंग लावायच्या आधी चालत हुतं ना? मग रंगाचंच काय तरी बग." अर्थिंगची पट्टी ब्लॉकला जिथे बसते, तिथे मी इमानेइतबारे तीन हात मारले होते. रुपयाएवढी जागा खरवडून चकचकीत केली, पट्टी आवळली, वर व्हॅसलीन. पहिल्या सेल्फला गाडी सुरू.

यानंतर दोन पावसाळे गेले. टॅपेट कव्हरच्या एका बोल्टाशी टवका उडालाय, वॉटर पंपाखाली पाणी झिरपून एक तांबूस रेघ आली होती, ती घासून टच-अप केली. एसी पंप अपेक्षेप्रमाणे पाझरला. पेट्रोल ब्लॉकवरून ओघळून खाली गेलं, मागे धुळीची रेषा राहिली, ती फडक्याने पुसली.

नोंदणी नूतनीकरणाला आरटीओत गेलो तेव्हा इंजिन नंबरवर कागद धरून पेन्सिल फिरवायची वेळ आली. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१पासून व्हिंटेजची वेगळी नोंदणी आहे, व्हीए अक्षरांची. पण ती घेतली की रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही, आणि आण्णांना दर आठवड्याला मार्केट यार्डात फियाटनेच जायचं असतं. म्हणून साधंच नूतनीकरण. नंबरावर आम्ही रंगाआधी टेप लावली होती. चार थरांनी बुजलेले आकडे आता स्वच्छ उमटले. साहेबांनी छाप पाहिली, मग नव्या कोऱ्या करड्या ब्लॉककडे पाहिलं आणि विचारलं, इंजिन बदललंय का?

आण्णांनी त्यांना डावीकडे वाकायला सांगितलं. ब्रॅकेटच्या कडेला आम्ही नखाएवढी जागा नवा रंग न लावता तशीच सोडली आहे. काळा, हिरवा, चंदेरी, करडा, लाल. साहेब चष्मा कपाळावर सारून बराच वेळ बघत होते. "हिरवं कुणी केलतं?" त्यांनी विचारलं. आण्णा खूश झाले, आणि लहानपणीचं हिरवं इंजिन पहिल्यापासून सांगायला लागले.